पळून जाणाऱ्या नवरीची फुले

मागल्या वर्षी उन्हाळ्यात, आंब्याची अढी लावीत बसले असताना, माझ्या भाचीचा स्कॉटलंडमधून निरोप आला. ती अॅबर्डीनला असते. निरोप असा: "मावशी, आम्ही दोघांनी पळून जाऊन लग्न करायचे ठरवले आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, डोंगरावर. माणसे सात-आठच. तू ये. हातात धरायचा फुलांचा गुच्छ तू करायचास, आणि तोही तिथल्या रानातल्याच फुलापानांचा. शिवाय साक्षीदार म्हणून सही तुझीच."

पळून जाणाऱ्या मुलीने तीन महिने आधी मावशीला आमंत्रण द्यावे, विमानाचे तिकीट पाठवावे आणि फुलांची कामगिरीही सोपवावी, हे मी प्रथमच पाहत होते. मग कळले की तिकडे हल्ली 'पळून जाणे' या शब्दाचा अर्थच पालटला आहे. कोणी पाठलाग करीत नाही, कोणी दाराला कडी घालीत नाही. चारशे पानांची पंगत, बँड आणि मानपान टाळून, चार जिवलग माणसांनिशी रानात किंवा समुद्रकाठी लग्न लावायचे, याला ते जुनाच शब्द वापरतात. तेही सरकारदरबारी अगदी रीतसर. स्कॉटलंडात लग्नाच्या निदान एकोणतीस दिवस आधी दोघांनी निबंधकाकडे अर्ज द्यावा लागतो आणि सोळा वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. एकोणतीस दिवसांची आगाऊ सूचना देऊन पळून जाणे! पण हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडच्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती मुदत तीस दिवसांची आहे, आणि साक्षीदार तीन.

मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, या मुलीची आई. ती आधीच पेटलेली होती.

"चोरून लग्न करायला हिला झालंय काय? आम्ही नको म्हटलं का? जातीचा नाही म्हणून अडवलं का? एकुलती एक मुलगी, आणि मी लोकांना काय सांगू? मी नाही येत जा!"

आता ज्या वाचकांना आमचे घर ठाऊक नाही त्यांना सांगायला हवे, की ताईने स्वतः १९७९ साली पळून जाऊन लग्न केले होते. म्हणूनच तिचे बोलणे ऐकताना मला लॉर्ड एल्डनची आठवण झाली. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविला; अशा वेळी नको ती माणसे आठवतात, हा त्या धंद्याचा दोष.

या एल्डनची हकीकत सांगण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात लग्नाचे नियम फार ढिले होते. चोरून लग्ने लागत, वारसा हक्काचे खटले होत, आणि मालदार घरांतल्या मुली फूस लावून नेल्या जात. तेव्हा लॉर्ड हार्डविक या चॅन्सेलरने १७५३ साली कायदा करून घेतला. तो १७५४ च्या मार्चपासून लागू झाला. लग्न चर्चमध्येच, आगाऊ पुकारा करून किंवा परवाना काढूनच व्हायचे, आणि एकवीस वर्षांखालच्यांना परवाना हवा तर आईबापांची संमती हवी. पण हा कायदा इंग्लंड-वेल्सपुरता. स्कॉटलंडचा कायदा निराळा. तिथे मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची असली आणि दोघांनी दोन साक्षीदारांसमोर 'आम्ही नवराबायको' असे म्हटले, की झाले लग्न. भटजी नको, चर्च नको.

मग काय विचारता! सरहद्द ओलांडण्यासाठी घोडागाड्या धावू लागल्या. कार्लाइल शहराकडून नवा रस्ता झाल्यावर सरहद्दीपलीकडचे पहिले गाव ग्रेटना ग्रीन हे पडू लागले, आणि त्या खेड्याचे भाग्य उजळले. तिथे लोहाराच्या ऐरणीपाशी लग्न लागते अशी ख्याती झाली. लग्न लावणारे सगळे खरोखरच लोहार होते असे नाही. परंतु तापलेली दोन लोखंडे ठोकून एकजीव करणाऱ्याच्या हातून जोडपे जोडावे ही कल्पना लोकांना इतकी आवडली की ऐरण त्या गावाचे दैवतच होऊन बसली. १७८२ मध्ये लंडनच्या रॉबर्ट चाइल्ड या सावकाराची एकुलती एक मुलगी सारा ही वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर निघाली. बाप मागून सुटला. त्या पाठलागात एक घोडा गोळीने पडला, तरी जोडपे निसटले. बाप त्याच वर्षी वारला, आणि त्याचे मृत्युपत्र असे निघाले की संपत्ती जावयाच्या वारसाला न जाता नातीकडे जावी. संतापलेल्या बापाचा इतका थंड डोक्याने लिहिलेला कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

पण एल्डन. त्याचे मूळ नाव जॉन स्कॉट, न्यूकासलच्या कोळशाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बेसी सर्टीस ही तिथल्याच पेढीवाल्याची मुलगी. तिच्या घरच्यांना हे स्थळ पसंत नव्हते. १७७२ च्या १८ नोव्हेंबरच्या रात्री शिडी लागली, अठरा वर्षांची बेसी वरच्या मजल्याच्या खिडकीतून उतरली, आणि दोघे स्कॉटलंडात ब्लॅकशील्स येथे जाऊन नवराबायको झाली. न्यूकासलला ते घर अजून उभे आहे. त्या खिडकीला खूण म्हणून निळी काच बसविलेली आहे. पुढे घरच्यांचा राग निवळला, आणि १७७३ च्या जानेवारीत दोघांचे न्यूकासलच्या चर्चमध्ये पुन्हा एकदा चारचौघांसारखे लग्न लागले.

हाच जॉन स्कॉट वकिलीत चढत चढत इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि मधली थोडी वर्षे वगळता १८०१ पासून १८२७ पर्यंत त्या आसनावर बसला. परंपरेचा कट्टर अभिमानी. कोणतीही सुधारणा म्हटली की त्याच्या कपाळी आठी. कवी शेली हाही सोळा वर्षांच्या हॅरिएटला घेऊन एडिंबरोला पळालेला. तिच्या मृत्यूनंतर मुलांचा ताबा मागायला तो आला तो या एल्डनपुढेच, १८१७ साली; आणि शेलीची मते व आचरण पाहून एल्डनने ताबा नाकारला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात घरी काय व्हावे? एल्डनची स्वतःची मुलगी एलिझाबेथ एका वास्तुकारासंगे पळून गेली! जावई जॉर्ज रेप्टन हा हम्फ्री रेप्टन या नामांकित उद्यानरचनाकाराचा मुलगा. खिडकीला शिडी लावणारा हा बाप इतका खवळला की तीन वर्षे त्याने लेकीला क्षमा केली नाही.

ही गोष्ट मी ताईला फोनवर सविस्तर सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुझ्या त्या एल्डनला एकच मुलगी होती का?" मी म्हटले, "नाही, आणखीही एक होती." "मग!" असे म्हणून तिने फोन ठेवला.

फुलांचा विचार करू लागले तेव्हा मात्र एक गोष्ट ध्यानात आली. या सगळ्या हकीकतींत शिड्या आहेत, घोडे आहेत, पिस्तुले आहेत, लाच खाणारे गाडीवान आहेत. फूल कुठे नाही. बेसी उतरली ती नोव्हेंबरची रात्र. त्या दिवसांत तिकडच्या डोंगरांवरचे हेदर वाळून तपकिरी झालेले असते. आणि फुले असती तरी शिडी धरायला दोन्ही हात लागतात. नवरीच्या हातातला गुच्छ हे घरच्यांच्या संमतीचे चिन्ह आहे. बागेतून फुले कोणीतरी खुडावी लागतात, ती बांधावी लागतात, सकाळी हातात द्यावी लागतात. पळणाऱ्या मुलीला हे करणारे कोणी नसते.

आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध अशी रानातली नवरी म्हणजे शकुंतला. तिचा गांधर्वविवाह झाला तेव्हा कण्व आश्रमात नव्हते, मुहूर्त नव्हता, मांडव नव्हता. इंदुमतीच्या स्वयंवरात कालिदासाने तिच्या हाती दूर्वा गुंफलेली मोहाच्या फुलांची माळ दिली आहे. पार्वतीच्या लग्नातही मोहाच्या माळेने तिचे केस बांधले आहेत. शकुंतलेच्या लग्नाला अशी माळ नाही. पण नाटकाच्या चौथ्या अंकात, ती सासरी निघते तेव्हा, अनसूया आंब्याच्या फांदीला टांगलेली नारळाची डबी काढायला सांगते. तिच्यात तिने याच प्रसंगासाठी बकुळीची माळ जपून ठेवलेली असते. बकुळच का, तेही कवीने सांगून ठेवले आहे: ती पुष्कळ दिवस टिकते म्हणून. नवमालिका दुपारपर्यंत मिटून जाईल. बकुळ वाळली तरी सुगंध सोडीत नाही. मैत्रिणीचे लग्न गुपचूप झाले, तिला न्यायला कधी येतील ठाऊक नाही, तेव्हा टिकणारे फूल निवडून ठेवावे, हा अनसूयेचा व्यवहारीपणा मला सगळ्या सुंदर वर्णनांहून मोठा वाटतो.

आणि इथे माझे स्वतःचे थोडे सांगायला हवे. १९७९ चा जून. ताई बावीस वर्षांची, मी चौदाची. नोटीस कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लागलेली होती. कोणी ओळखीचे वाचील या धास्तीने ताईचा चेहरा उतरलेला. त्या सकाळी वाचनालयात जाते असे सांगून ती निघणार, हे घरात मला एकटीला ठाऊक होते. मी पहाटे उठून रामाच्या देवळामागच्या बकुळीखालची फुले वेचली, गजरा ओवला, केळीच्या पानात गुंडाळून तिच्या कापडी पिशवीत तळाशी घातला. तेव्हा मी शाकुंतल वाचलेले नव्हते. बकुळ घेतली ती केवळ झाडाखाली फुकट मिळते म्हणून. ताईने गजरा माळलाच नाही. कचेरीत जाईपर्यंत पिशवी उघडायचे धैर्य तिला झाले नाही, आणि तिथे सही करताना विसरली. रात्री नव्या घरी पिशवी उपसली तेव्हा वासावरून कळले. आमच्या अण्णांनी त्यानंतर तिला घरात घेतले ते अकरा वर्षांनी, ही भाची झाल्यावर. एल्डनपेक्षा आठ वर्षे जास्तच.

हे भाचीला तिच्या आईनेच केव्हातरी सांगितले असावे. नाहीतर गुच्छासाठी तिला मी का आठवावे? मला तर आयुष्यात गजरे आणि देवाचे हार यांपलीकडे काही येत नव्हते.

म्हणून जाण्यापूर्वी मी महिनाभर वाचन केले. विलायतेतला वधूचा गुच्छ आपण समजतो तितका जुना नाही. निदान त्याचे आजचे रूप तरी नाही. १८४० च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया राणीने आपल्या लग्नात मस्तकी संत्र्याच्या फुलांचे कडे घातले, आणि घरोघरच्या नवऱ्यांना तेच हवेसे झाले. खरी फुले न मिळाली तर मेणाची. १८४५ मध्ये प्रिन्स अल्बर्टच्या आजीने राणीला मर्टलची डहाळी दिली. ती वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न येथील बागेत लावण्यात आली, आणि राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, १८५८ साली, त्या मर्टलची फांदी वधूच्या गुच्छात गेली. त्या घराण्यातल्या वधू अजूनही त्या बागेतली डहाळी हाती धरतात. म्हणजे आजेसासूने दिलेले रोप, आईच्या बागेत वाढलेले, लेकीच्या हाती. आपल्या भाषेत ही ओटीच झाली.

पण याच राजकन्येच्या आयुष्यात आणखी एक फूल आहे, आणि ते रानातले. १८५५ च्या २९ सप्टेंबरला, बालमोरलजवळच्या क्रेग-ना-बान या डोंगरावर घोड्यावरून जाताना, प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिक विल्यमने पांढऱ्या हेदरची एक काडी तोडून तिला दिली आणि उतरताना मनातले सांगितले. मुलगी चौदा वर्षांची होती. हेदर एरवी जांभळे. पांढरे क्वचित सापडते, म्हणून ते शुभ. राणीने ही हकीकत आपल्या रोजनिशीत लिहिली आणि १८६८ साली ती रोजनिशी छापली. रानातले फूल, डोंगर, दोघेच. पळून जाण्याला लागते ते सगळे आहे. फक्त राजपुत्राने नऊ दिवस आधी मुलीच्या आईबापांना विचारून ठेवले होते!

पुढे गुच्छ फुगतच गेला. शतक पालटताना तर धबधब्यासारखे गुडघ्यापर्यंत लोंबणारे गुच्छ आले. एकेक फूल तारेवर चढवलेले; काचघरात वाढलेली पांढरी फुले; वजन असे की नवरी वाकावी. या थाटाला धक्का दिला तो कॉन्स्टन्स स्प्राय या बाईने. ही पूर्वी लंडनच्या गरीब वस्तीतल्या कामकरी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. १९२९ मध्ये तिने फुलांचे दुकान काढले, आणि अत्तराच्या एका बड्या दुकानाच्या खिडकीत ऑर्किडांच्या शेजारी कुंपणावरच्या रानवेली मांडल्या. लोक रस्त्यात थांबून पाहू लागले. कोबीच्या जातीची पाने, गवताचे तुरे, फळांच्या डहाळ्या, काहीच तिला वर्ज्य नव्हते. १९३६ च्या डिसेंबरात आठव्या एडवर्डने राज्य सोडले आणि १९३७ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या कांदे येथील वाड्यात लग्न केले. त्याच्या घरचे एक माणूस आले नाही. त्या वाड्यात फुले सजवली ती या स्प्रायबाईने. पळून गेलेल्यांच्या हाती फूल देणारी कोणीतरी अनसूया इथेही निघाली, याचा मला आनंद झाला.

ताई शेवटी आली. विमानतळावर मला म्हणाली, "सामान उचलायला कोणीतरी हवं तुझ्याबरोबर." साक्षीदार म्हणून मात्र जावयाच्या बहिणीचे नाव लागून गेले होते, कारण ताईने येणार नाही असे ठणकावून कळविले होते.

बालमोरलच्या अलीकडे डी नदीच्या खोऱ्यात आम्ही उतरलो. ऑगस्टअखेरीस तिथले डोंगर जांभळे होतात. सह्याद्रीच्या पठारांवर भाद्रपदात तेरडा फुलतो तसे. जमीनमालकाची परवानगी भाचीने काढून ठेवली होती. तिथे १९८१ च्या कायद्याने परवानगीवाचून रानातले कोणतेही झाड मुळासकट उपटायला बंदी आहे. आम्ही कात्रीने खुडत होतो, तेही एका झुडुपावरून एकच काडी.

माझा पहिला गुच्छ साफ फसला. निळ्या घंटेसारखी नाजूक रानफुले, हेअरबेल, मला इतकी आवडली की तीच ओंजळभर घेतली, आणि नेच्याची मोठी पाने. तासाभरात फुलांनी माना टाकल्या आणि पाने चुरगळली. ताई म्हणाली, "देवाला वाहायला ठीक आहे." मग अनसूयेची शहाणीव आठवली: आधी टिकाऊपणा, मग रूप. दुसऱ्या खेपेस संध्याकाळी निघालो. हेदरच्या काड्या लाकडी असतात. त्या पाण्यावाचूनही तग धरतात आणि वाळल्या तरी रंग पुष्कळसा राखतात. तो झाला गुच्छाचा पाया. आयव्हीची चामड्यासारखी पाने टिकतात, ती घेतली. पाणथळीतले बॉग मर्टल घेतले. नाव मर्टल असले तरी ते राणीच्या मर्टलचे नातेवाईक नाही. पण पान चुरडले की असा वास येतो की तिथली चावरी चिलटे त्याला टरकतात असे म्हणतात. मला तरी त्या संध्याकाळी चिलटांनी फाडून खाल्ले.

रोवनच्या झाडाला तेव्हा लाल फळांचे घोस येतात. जावयाची आई म्हणाली, जुनी माणसे हे झाड दारात लावीत, चेटकिणींची बाधा होऊ नये म्हणून. इतका वेळ "निशिगंध नाही, शेवंती नाही, हे काय गवत" म्हणून कुरकुरणारी ताई एकदम पुढे झाली. दृष्ट लागू नये म्हणून झाड लावणारे लोक तिला घरचे वाटले. रोवनचे दोन घोस तिनेच निवडले.

रात्रभर सगळे बादलीत, थंड ओसरीत. पाण्यात बुडणारी पाने खरडून टाकायची, नाहीतर पाणी नासते. पहाटे बांधायला बसले. कोथिंबिरीच्या जुडीसारखे देठ सरळ धरून बांधले की मधली फुले गुदमरतात. एकेक देठ आधीच्यावर तिरपा, सगळे एकाच दिशेला, आणि दर वेळी हातातला गुच्छ थोडा फिरवायचा. मग देठांचा पीळ पडतो आणि डोके आपोआप गोल सुटते. डोंगरावर वारा, म्हणून उंच तुरे नाहीत, लोंबत्या फिती नाहीत. हेअरबेल पाचच, तीही निघण्यापूर्वी अगदी शेवटी खोवली. बांधायला सुतळी शोधीत होते, तर ताईने काही न बोलता पिशवीतून दोऱ्याची गुंडी काढून दिली. हळदीत भिजवून वाळवलेला सुती दोरा. पुण्याहून आणलेला.

लग्न वीस मिनिटांत झाले. भाची नऊवारीत, पायात डोंगर चढायचे बूट. आम्ही नऊ माणसे आणि दूरवर मेंढ्या. सह्यांसाठी कागद एका सपाट खडकावर ठेवला, उडू नये म्हणून लग्न लावणाऱ्या बाईने त्याच्यावर दोन्ही हात दाबले. सही करायची म्हणून भाचीने गुच्छ आईच्या हातात दिला.

सह्या पाच होत्या, वेळ लागला. मी सही करून वळले तेव्हा ताई गुच्छ दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. भाचीने तो घ्यायला हात पुढे केला.

"थांब," ताई म्हणाली, "आधी पदर नीट खोच. वारा बघ किती आहे." आणि गुच्छ तसाच धरून राहिली.